दोन पडदे, एक डिबेट आणि माणशी पंचवीस डॉलर

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांची डिबेट घरबसल्या फुकट पाहता येते. तरीही २०२४ च्या निवडणुकीत मध्य न्यू जर्सीतील एका भारतीय रेस्टॉरंटने ती दोनदा तिकीट लावून दाखवली आणि दोन्ही वेळा मी माणशी पंचवीस डॉलर मोजून तिथे गेलो. पहिली डिबेट २७ जूनची, बायडन आणि ट्रम्प यांची. दुसरी १० सप्टेंबरची, हॅरिस आणि ट्रम्प यांची. एका वेळच्या जेवणाचे पंचवीस डॉलर ही आमच्या भागात डोळ्यांत भरणारी रक्कम नाही, परंतु तिकिटावर जेवणाखेरीज आणखीही काही कबूल केलेले होते : ‘डिबेट पाहा, आपले मत नोंदवा, लोकांचा कौल जाणून घ्या.’ हे परीक्षण मुख्यतः त्या कौलाचे आहे. रेस्टॉरंटचे नाव लिहीत नाही, कारण तक्रारी सांगायच्या आहेत आणि मालक व मालकीणबाई दर वेळी इतक्या आपुलकीने विचारपूस करतात की नाव घेऊन गाऱ्हाणे मांडणे मला जमणार नाही.

व्यवस्था अशी होती. दाराशी गल्ला, त्याला लागून मिठाईचे काचेचे कपाट आणि वर भिंतीवर केबलच्या जोडणीवर चालणारा एक टीव्ही. त्याच्यासमोर पाच-सहा लहान टेबले. आतल्या मोठ्या दालनात, जिथे एरवी बारशी आणि साठीचे समारंभ होतात, तिथे पांढरा पडदा लावून प्रोजेक्टर बसवलेला होता आणि त्यावरचे चित्र लॅपटॉपमधून, म्हणजे इंटरनेटवरून येत होते. केबल आणि इंटरनेट या फरकाकडे जूनमध्ये कोणाचेच लक्ष गेले नाही. सप्टेंबरमध्ये मात्र त्यानेच संध्याकाळचा रंग ठरवला, त्याबद्दल पुढे लिहितो. प्रत्येक टेबलावर एका वाटीत मत नोंदवायच्या चिठ्ठ्या व पेन्सिली आणि शेजारी प्लॅस्टिकच्या उभ्या पाटीवर सूचना : ‘कृपया टेबलावर राजकीय वाद घालू नये.’ डिबेट पाहायला बोलावून वाद घालू नका असे बजावणाऱ्या त्या पाटीचे फोटो लोकांनी मिसळीपेक्षा जास्त काढले.

जूनच्या संध्याकाळी मंडळी वेगळ्याच आनंदात आली होती. त्याच दिवशी गयानामध्ये भारताने इंग्लंडला ६८ धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली होती, त्यामुळे नऊ वाजेपर्यंत निम्म्या टेबलांवर रोहितचे अर्धशतक आणि अक्षर-कुलदीपची फिरकी एवढाच विषय होता. नऊला अटलांटामधील सीएनएन या वृत्तवाहिनीच्या स्टुडिओतून प्रक्षेपण सुरू झाले. समोर प्रेक्षक नाहीत, एकाची बोलण्याची पाळी असताना दुसऱ्याचा माइक बंद, लिहून आणलेले टिपण जवळ ठेवण्यास मनाई. दोघांकडे फक्त कोरे कागद, पेन आणि पाण्याची बाटली. पहिल्या दहा मिनिटांत बायडन यांचा बसलेला आवाज ऐकून दालनात जी शांतता पसरली, तशी शांतता मी कुठल्याही भारतीय रेस्टॉरंटात पूर्वी अनुभवलेली नाही. एका उत्तराच्या मध्येच त्यांचे वाक्य हरवले, ते थांबले आणि ‘अखेर आपण मेडिकेअरला (म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविमा योजनेला) हरवले’ अशा अर्थाचे काहीतरी बोलून गेले. माझ्या शेजारच्या टेबलावर मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी बेताचेच समजत असावे, कारण तोवर त्यांचे सारे लक्ष वडा मोडून रश्श्यात बुडवण्याकडे होते. त्यांनी मान वर करून पडद्याकडे पाहिले आणि मुलाला विचारले, “बरं नाहीये का रे त्यांना?” डिबेट चालू असतानाच बायडन यांना सर्दी झाल्याचे त्यांच्या गोटातून सांगण्यात आले आणि २१ जुलै रोजी ते शर्यतीतून बाहेर पडले; त्यांच्या जागी हॅरिस उमेदवार झाल्या. त्या रात्रीविषयी पुढे मी पुष्कळ वाचले, परंतु आजींच्या प्रश्नाइतके थेट त्यात थोडेच होते.

जूनच्या चिठ्ठीवर दोन प्रश्न होते : कोण चांगले बोलले आणि आपण मत कोणाला द्याल. मालकांनी चिठ्ठ्या गोळा केल्या, काउंटरवर दोन ढीग लावले आणि ट्रम्प यांच्या नावाचा ढीग उंच असल्याचे जाहीर केले. तासाभरात सीएनएनची पाहणी आली, तीत डिबेट पाहिलेल्या मतदारांपैकी ६७ टक्क्यांनी ट्रम्प यांना आणि ३३ टक्क्यांनी बायडन यांना सरस ठरवले होते. लगेच ग्राहकांच्या व्हॉट्सॲप गटावर मालकांचा संदेश आला की आपला कौल आणि सीएनएनचा कौल तंतोतंत जुळला. मला तो आनंद पचला नाही. सीएनएनने विचारले होते ते ५६५ नोंदणीकृत मतदारांना, आणि तेसुद्धा डिबेट पाहिलेल्यांनाच. आमच्या वाटीत चिठ्ठ्या टाकणाऱ्यांमध्ये त्या आजी होत्या, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरचे संगणक अभियंते होते, रटगर्स विद्यापीठात व्हिसावर शिकणारी मुले होती आणि ग्रीन कार्डची, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याची, वाट पाहण्यात केस पिकलेले माझ्यासारख्यांचे मित्र होते. यांपैकी कोणालाही मताधिकार नाही. ग्रीन कार्ड हाती आले तरी तो मिळत नाही, नागरिकत्वाची शपथ घ्यावी लागते. मी मालकांना तसे कळवले. त्यांनी अंगठा वर केलेले चित्र पाठवले आणि विषय संपला, असे मला वाटले.

तो संपलेला नव्हता. १० सप्टेंबरला मी आत शिरताच मालकांनी चिठ्ठी हातात ठेवली आणि म्हणाले, “काका, तुमचा तिसरा प्रश्न घातलाय बघा.” चिठ्ठीच्या तळाशी लिहिले होते : ‘आपल्याला अमेरिकेत मताधिकार आहे का?’ ग्राहकाची सूचना अडीच महिने लक्षात ठेवून अमलात आणणारा व्यवसाय विरळा असतो, आणि या परीक्षणात त्याबद्दलचा एक तारा मी येथेच देऊन टाकतो.

त्या दिवशी मंगळवार होता आणि घरोघरी गौरी आल्या होत्या. अमेरिकेत गौरींसाठी सुट्टी नसते, त्यामुळे अनेक बायका कामावरून घरी जाऊन, मुखवटे बसवून आणि भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवून मग तिथे पोहोचल्या होत्या. दोघी-तिघींच्या कपाळावर हळदीकुंकू ताजे होते. शनिवारी बसलेला रेस्टॉरंटचा गणपती मिठाईच्या कपाटावर, केबलच्या टीव्हीच्या बरोबर खाली होता, म्हणजे फिलाडेल्फियातील घडामोडींना तो पाठमोरा बसला होता. डिबेट आमच्यापासून सव्वा-दीड तासाच्या अंतरावर, नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरमध्ये चालली होती आणि एबीसी वाहिनीचे डेव्हिड म्यूर व लिन्झी डेव्हिस प्रश्न विचारत होते. सुरुवातीलाच हॅरिस चालत ट्रम्प यांच्या जागेपर्यंत गेल्या आणि आपले नाव सांगून त्यांनी हात पुढे केला. अध्यक्षीय डिबेटमध्ये उमेदवारांनी हस्तांदोलन करण्याची २०१६ नंतरची ही पहिलीच वेळ होती. बाहेर काउंटरपाशी टाळी वाजली. आत दालनात मात्र पडद्यावर अजून जाहिरात चालू होती.

इथे रेस्टॉरंटची सर्वांत मोठी चूक उघडी पडली. इंटरनेटवरून येणारे चित्र केबलच्या चित्रापेक्षा अर्ध्या मिनिटाहून अधिक मागे होते. बाहेरच्या टेबलांवर जे आत्ता घडत होते, ते दालनात थोड्या वेळाने घडायचे. परंतु बाहेरचे हसू, ‘अरेरे’ आणि टाळ्या उघड्या दारातून आत लगेच ऐकू यायच्या. परिणामी दालनातील साठ-सत्तर माणसांना प्रत्येक मुद्द्यावर लोक काय म्हणणार आहेत हे आधी कळे आणि मुद्दा मागाहून कळे. बाहेर हशा पिकला की आतली माणसे पेन्सिल खाली ठेवून, ओठांवर हसू तयार ठेवून पडद्याकडे बघत बसत. ट्रम्प यांच्या सभांतून लोक कंटाळून लवकर निघून जातात, असे हॅरिस म्हणाल्या, तेव्हा आतला हशा बाहेरच्यापेक्षा मोठा झाला, कारण त्याची पूर्वतयारी झालेली होती. गंमत म्हणून मी सव्वादहाच्या सुमारास जागा बदलून बाहेर गेलो. तिथे लोक हसत होते खरे, पण बिचकत, एकमेकांकडे पाहून आणि अर्धवट. आत गेल्यावर तेच हसू पक्के होऊन बसलेले असे.

या दोन्ही डिबेटच्या नियमांत स्टुडिओतला प्रेक्षक काढून टाकण्यात आला होता आणि त्यामागे कारण होते. १९८४ मध्ये कॅन्सस सिटीतील डिबेटमध्ये ७३ वर्षांच्या रेगन यांना वयाविषयी प्रश्न आला, तेव्हा आपण प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचे आणि अननुभवाचे राजकीय भांडवल करणार नाही, असे ते म्हणाले. सभागृह हसले आणि समोर उभे असलेले ५६ वर्षांचे प्रतिस्पर्धी माँडेल हेही हसले. पुढे मानसशास्त्रज्ञांनी हेच चित्रण काही जणांना प्रेक्षकांचा हशा काढून टाकून दाखवले, तेव्हा त्या लोकांनी रेगन यांना बरेच कमी गुण दिले. विनोद तोच होता, साथीला हसणारे कोणी नव्हते. ब्रिटनमध्ये २०१० साली पक्षनेत्यांच्या डिबेट पहिल्यांदाच दूरचित्रवाणीवर झाल्या. त्या वेळी काही वाहिन्या पडद्याच्या तळाशी निवडक प्रेक्षकांची पसंती-नापसंती दाखवणारी, वरखाली वळवळणारी एक रेघ दाखवत, आणि तिला तिथे ‘अळी’च म्हणत. संशोधकांनी सुमारे दीडशे लोकांना तिसरी डिबेट दाखवताना त्या अळीत लबाडी केली : एका गटाला दिसणारी अळी तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांच्याकडे झुकवली आणि दुसऱ्या गटाची त्यांचे प्रतिस्पर्धी निक क्लेग यांच्याकडे. प्रत्येक गटाचे ‘कोण जिंकले’ याविषयीचे मत आपापल्या अळीच्या मागे गेले. वाहिन्यांनी काढून टाकलेला तो प्रेक्षक आमच्या रेस्टॉरंटने पंचवीस डॉलरमध्ये परत आणून बसवला होता, आणि केबल-इंटरनेटच्या घोळामुळे त्याला अर्धा मिनिट आगाऊ हसण्याची सोयही करून दिली होती.

हे सारे हसण्यावारी नेता आले असते, पण त्याच संध्याकाळी एक हशा असा झाला की तो मला अजून आठवतो. ओहायोतील स्प्रिंगफील्ड गावात बाहेरून आलेले लोक इतरांची कुत्री-मांजरे खातात, असे ट्रम्प म्हणाले. बाहेरच्या टेबलांवर स्फोट व्हावा तसा हशा उसळला, आत तो आधी ऐकू आला आणि मग वाक्य आले, म्हणून आणखी मोठ्याने उसळला. म्यूर यांनी तिथल्या तिथे सांगितले की त्या शहराच्या व्यवस्थापकांशी वाहिनीने संपर्क साधला असून अशी कोणतीही विश्वासार्ह तक्रार आलेली नाही. माझ्या टेबलावर एक तरुण जोडपे होते. नवरा हसून हसून डोळे पुसत होता; बायको हसली नाही. ती ताकाचा पेला फिरवत म्हणाली, “आपणही बाहेरूनच आलोय ना?” नवऱ्याने उत्तर दिले नाही. दोन दिवसांनी स्प्रिंगफील्डमध्ये बाँबच्या धमक्या आल्या, नगरपालिकेची इमारत आणि शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. त्या बातमीखाली आमच्या व्हॉट्सॲप गटावर कोणी काही लिहिले नाही. डिबेटच्या रात्री मात्र त्याच गटावर मांजरांची चित्रे थांबता थांबत नव्हती.

आता डिबेटनंतरच्या सेवेबद्दल. समारोपाची भाषणे संपताच, पावणेअकराच्या सुमारास, मालकांनी दोन्हीकडचा आवाज बंद करून माइक हातात घेतला आणि लकी ड्रॉची सोडत सुरू केली. ही माझी दुसरी तक्रार. वाहिन्यांवर पाठोपाठ सुरू होणारे पंडितांचे दळण चुकले याचे मला दुःख नाही. दोन्ही पक्षांची माणसे पत्रकारांना गाठून आपलाच उमेदवार जिंकला असे पटवत असतात त्या दालनाला इथे ‘स्पिन रूम’ म्हणतात, आणि त्या रात्री खुद्द ट्रम्प तिथे चालत गेले व ही आपली आजवरची सर्वोत्तम डिबेट असल्याचे सांगू लागले. उमेदवाराने स्वतः तिथे उतरणे क्वचित घडते. ते आम्ही मूक चित्रपटासारखे पाहिले, आणि त्या वेळी माइकवर सतरा नंबरच्या तिकिटाला दोन किलो बासमती लागल्याची घोषणा चालू होती. तेवढ्यात मुलींच्या एका टेबलावर किंचाळी उठली : टेलर स्विफ्टने इन्स्टाग्रामवर हॅरिस यांना पाठिंबा जाहीर केला होता. तिच्या दुव्यावरून चोवीस तासांत चार लाखांहून अधिक लोक मतदार नोंदणीची माहिती देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर गेले. आमच्याकडे मात्र फोन हातोहात फिरू लागले आणि चिठ्ठ्या अर्धवट राहिल्या. मालकीणबाई टेबलाटेबलावर जाऊन, “भरा हो, मोजायच्या आहेत,” असे म्हणत फिरत होत्या.

शेवटी मोजणी झाली. कोण चांगले बोलले, याचे उत्तर मोठ्या बहुमताने हॅरिस असे आले. तिसऱ्या प्रश्नाला निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर ‘नाही’ होते, ते वाचून दाखवल्यावर दालनात थोडी कुजबूज झाली आणि एक गृहस्थ हात वर करून म्हणाले, “मत नाही, पण टॅक्स भरतो.” त्यावर मात्र आत आणि बाहेर एकाच क्षणी हशा झाला, कारण तो कुठल्याच पडद्यावरून आलेला नव्हता. परंतु खरी गोष्ट मालकांनी घाईघाईत वाचून टाकली. ज्यांना मताधिकार आहे अशांपैकी अनेकांनी पहिल्या प्रश्नाला हॅरिस आणि दुसऱ्या प्रश्नाला ट्रम्प असे लिहिले होते. माझ्या जुन्या स्नेह्यांपैकी एकाची चिठ्ठी मी पाहिली, त्यांनीच ती मला दाखवली. ते म्हणाले, “बोलली छानच. पण मला घराचा हप्ता भरायचाय.”

घरी येऊन सीएनएनची पाहणी उघडली. डिबेट पाहिलेल्या ६०५ नोंदणीकृत मतदारांत ६३ टक्के हॅरिस यांच्या बाजूने, ३७ टक्के ट्रम्प यांच्या. डिबेटपूर्वी हेच मतदार कोण सरस ठरेल यावर अर्धे-अर्धे विभागलेले होते. मथळा तेवढाच होता आणि दुसऱ्या दिवशी सर्वत्र तोच फिरला. खाली मात्र लिहिले होते की अर्थव्यवस्था कोण चांगली हाताळेल, या प्रश्नाला त्याच लोकांपैकी ५५ टक्क्यांनी ट्रम्प आणि ३५ टक्क्यांनी हॅरिस असे उत्तर दिले आणि डिबेट पाहिल्यानंतर ट्रम्प यांची ती आघाडी कमी न होता किंचित वाढलीच. माझ्या स्नेह्याचा घराचा हप्ता त्या पाहणीत सापडत होता, फक्त मथळ्यात त्याला जागा नव्हती. ५ नोव्हेंबरच्या निवडणुकीत ट्रम्प यांना ३१२ आणि हॅरिस यांना २२६ प्रतिनिधिमते (राज्यवार ठरणारी, अध्यक्ष निवडणारी मते) मिळाली. न्यू जर्सी हॅरिस यांनी जिंकले, पण जेमतेम सहा टक्क्यांच्या फरकाने. चार वर्षांपूर्वी बायडन यांनी हेच राज्य सुमारे सोळा टक्क्यांनी घेतले होते. आमच्या चिठ्ठ्यांनी हे आधीच सांगितले होते असा दावा मी करणार नाही, कारण बटाटेवड्याच्या तेलाचे डाग पडलेल्या त्या कागदांवर कोणी काय लिहिले होते हे दुसऱ्या दिवशी मालकांनाही लागत नव्हते. तथापि ‘कोण जिंकले’ हा प्रश्न विकायला सोपा आणि वापरायला निरुपयोगी आहे, हे मला त्या रात्री कळले. २०१६ मध्ये सीएनएनच्या पाहणीत तिन्ही डिबेट हिलरी क्लिंटन यांनी जिंकल्या होत्या. २०१२ ची पहिली डिबेट रॉम्नी यांनी ६७ विरुद्ध २५ अशी जिंकली होती. दोघेही निवडणूक हरले.

या बाबतीत आमचे रेस्टॉरंट एकटे नाही आणि पहिलेही नाही. १९८० मध्ये क्लीव्हलँडला कार्टर आणि रेगन यांची डिबेट संपताच एबीसी वाहिनीने दोन दूरध्वनी क्रमांक जाहीर केले : रेगन जिंकले वाटत असेल तर एक फिरवा, कार्टर वाटत असेल तर दुसरा. प्रत्येक कॉलला ५० सेंट पडत. सुमारे सात लाख कॉल आले आणि रेगन यांना कार्टर यांच्या जवळजवळ दुप्पट मते पडली. एकाच माणसाने चार वेळा फिरवला तर चार मते आणि दोन डॉलर बिल. त्यामानाने एका तिकिटाला एकच चिठ्ठी देणारी आमच्या मालकांची पद्धत अधिक शुद्ध म्हटली पाहिजे. चार वर्षे आधीची, १९७६ ची गोष्ट त्याहून बोलकी आहे. ६ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोत कार्टर यांच्याशी झालेल्या डिबेटमध्ये तेव्हाचे अध्यक्ष फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही, जे उघडच चूक होते. त्या रात्री लगेच विचारलेल्यांपैकी अधिक लोकांच्या मते फोर्डच सरस ठरले होते. मग रात्रभर आणि दिवसभर बातम्यांतून त्या चुकीवर बोट ठेवले गेले आणि चोवीस तासांत पारडे फिरून कार्टर विजयी मानले जाऊ लागले. दारातून आत येणारे ते आगाऊ हसू, फक्त ते उलट दिशेने आणि देशभर.

जेवणाविषयी थोडक्यात. मिसळीचा कट चांगला झणझणीत होता, पण फरसाण जूनमध्ये कुरकुरीत आणि सप्टेंबरमध्ये मऊ पडलेले. वडे दोन्ही वेळा जाहिरातींच्या विरामातच आले. अशा कार्यक्रमात विराम दोनच असतात, त्यामुळे मागच्या टेबलांना पहिला वडा दहानंतर मिळाला. उकडीचे मोदक मात्र अप्रतिम होते. कळ्या हाताने पाडलेल्या, पारी पातळ, वर साजूक तूप. स्वयंपाकघरातील मिक्सर गर्भपाताच्या कायद्यावरील प्रश्नोत्तरे चालू असताना सलग चालवण्यात आला आणि निवडणुकीतील बहुधा सर्वांत गंभीर विषय आम्ही मँगो लस्सीच्या घरघरीत ऐकला. बिलात अठरा टक्के टिप आपोआप जोडली होती, हे तिकिटावर लिहिलेले नव्हते. पोरे धावून धावून काम करत होती, त्यामुळे रकमेबद्दल तक्रार नाही, न सांगण्याबद्दल आहे.

पाच ताऱ्यांपैकी मी साडेतीन देतो. एक जेवणाचा, तोही मोदकांमुळे, एक तिसऱ्या प्रश्नाचा, एक माणसांचा, अर्धा त्या पाटीचा. जून महिन्यातील डिबेट अमेरिकेत ५ कोटी १३ लाख लोकांनी पाहिली आणि सप्टेंबरची ६ कोटी ७१ लाखांनी. त्यांतील बहुतेकांनी ती घरी पाहिली आणि इतरांचे मत फोनवर वाचले. समोरच्या माणसाचा चेहरा पाहत डिबेट पाहण्याची सोय या रेस्टॉरंटने केली, यासाठी पंचवीस डॉलर महाग नाहीत. ज्यांना उमेदवार काय म्हणाले हे नीट ऐकायचे आहे त्यांनी घरीच बसावे. ज्यांना लोक कसे ऐकतात हे पाहायचे आहे त्यांनी जावे, पण दालनात बसू नये. काउंटरपाशी, गणपतीच्या समोरच्या टेबलावर जागा मागून घ्यावी.

मालकांना मी पुन्हा दोन गोष्टी कळवल्या आहेत. दोन्ही पडदे एकाच जोडणीवर घ्या, आणि चिठ्ठ्या आवाज बंद करण्यापूर्वी, समारोपाचे भाषण संपताच, कोणाशी बोलायच्या आत भरून घ्या. सोडत नंतर काढा. उत्तरादाखल अंगठा वर केलेले चित्र आले आहे. आता या चित्राचा अर्थ काय होतो ते मला माहीत असल्याने, पुढच्या वेळी त्यांनी फक्त पेन्सिलींना टोक काढून ठेवावे, एवढीच माझी अपेक्षा उरली आहे.